भीती गेली की मग गाईन म्हणणाऱ्यांसाठी

"मॅडम, आधी स्टेजची भीती जाऊ दे, मग बघते." हे वाक्य मी पणजीत समुपदेशन करताना इतक्या जणांकडून ऐकलंय, त्यात शिक्षक आले, वकील आले, मीटिंगमध्ये तोंड न उघडणारी पोरं आली, की शेवटी म्हटलं एक केस लिहूनच टाकू. तिची परवानगी आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

फोंड्याकडची मुलगी. मराठी-कोंकणी पॉप गाणी लिहिते, चालीही तिच्याच. गायकाला कळावं म्हणून स्क्रॅच, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, हीच गाते, मग हिचा आवाज काढून तिथे गायकाचा टाकतात. गाणी लग्नात वाजतात, हिचं नाव यूट्यूबवर खाली डिस्क्रिप्शनमध्ये, तेही कधी असतं कधी नसतं. आता स्वतः गायचंय, पण समोर चार माणसं बसली की घसा बंद.

पहिल्याच भेटीत विचारलं, "सियासारखा विग घालून गाऊ का, तोंड झाकून?" सिया म्हणजे ती ऑस्ट्रेलियन गायिका, रिहानासारख्यांना गाणी लिहून दिली आणि 2014 मध्ये स्वतःचं गाणं तुफान चाललं तेव्हा चेहरा विगखाली ठेवला. मी म्हटलं, "तिला प्रसिद्धी नको होती म्हणून तिने झाकला. तुला काय नकोय?"

"लोक कितें म्हणटले..." एवढंच.

मग कॅरोल किंगचं पण झालं, साठच्या दशकात दुसऱ्यांसाठी गाणी लिहिणारी, 1971 च्या स्वतःच्या अल्बमला ग्रॅमी मिळवणारी. हिला ते सगळं पाठ होतं. अशी उदाहरणं ऐकून माणूस दोन दिवस पेटतो, तिसऱ्या दिवशी परत तिथेच, हे मी खूप पाहिलंय.

मधल्या भेटींचं सांगत नाही. एकदा मी सहज विचारलं, "तू लिहिलेलं गाणं पडलं तर कुणाचं पडतं?"

"सिंगरचं. त्यालाच शिव्या."

"आणि चाललं तर?"

"तेव्हा..." ती थांबली, मग एकदम हसत सुटली, "तेव्हा माझं असतं मॅडम!"

मी काहीच बोलले नाही, अशा वेळी आपण गप्प बसायचं असतं, हे इतक्या वर्षांत जमायला लागलंय. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "म्हणजे मी मागे राहते कारण मागे नुकसान नाही." आपण समजतो लाजाळू माणसावर अन्याय होतो, होतोही, पण लपण्यात फायदाही असतो आणि तो सोडायची तयारी नसेल तर कितीही आत्मविश्वास वाढवा, उपयोग शून्य.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी. त्याला तरुणपणी भाषणाची भयंकर भीती, आणि ती घालवली कशी तर भाषणं देऊन देऊन. त्याचाच एक व्यायाम मी तिला दिला: फोंडा-पणजी बसमध्ये स्टॉपची नावं मोठ्याने ओरडायची. कुणाचं काही बिघडत नाही, फक्त लोक बघतात. तिने म्हार्दोळ पुटपुटत घेतलं, मंगेशी जरा बरं, आणि बाणस्तारीला खणखणीत. पुढच्या सीटवरच्या मावशीने वळून विचारलं, "बाय, तूं नवी कंडक्टर काय?" आणि ही म्हणे, "हय."

तुम्हीही हेच करा. लोक हसावेत असं कुणालाच वाटत नाही, पण हसले तर वाईट वाटेल आणि हसले तर मी संपले यात फार फरक आहे, आणि तो डोक्याने कळून भागत नाही, एकदा हसवून घ्यावं लागतं. छातीत धडधडत असतानाच उभं राहा, धडधड थांबायची वाट बघाल तर निवृत्तीपर्यंत बघाल. पहिल्यांदा मोठा हॉल नको, ओळखीची वीस माणसं पुरे. आणि नंतर घरच्यांना "कसं झालं?" विचारत फिरू नका, ते चांगलंच म्हणणार.

ती एका मैत्रिणीच्या रोसच्या, म्हणजे गोव्यातल्या ख्रिश्चनांच्या लग्नाआधीच्या हळदीसारख्या, कार्यक्रमात गायली. दुसऱ्या अंतऱ्यात सूर घसरला, कीबोर्डवाला सोडून कुणाला कळलंही नाही. आता तिचं टेन्शन वेगळंच आहे, नवीन गाणं भारी झालंय, प्रोड्युसर मोठ्या सिंगरसाठी मागतोय आणि हिला ते स्वतःला ठेवायचंय. "काय करू?" विचारत होती. म्हटलं, त्याची फी माझ्याकडे नको, वकिलाकडे भर.