लिखाण अडलं म्हणून लगेच बी.एड.?

प्रश्न : मी परभणीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका ऑडिओ ॲपसाठी मालिका लिहिते, आठवड्याला दहा भाग. पैसे भागावर मिळतात. दोन महिन्यांपासून लॅपटॉप उघडला की डोकं सुन्न होतं. स्वतःच्या कथाही सुचत नाहीत. घरचे म्हणतात, लिखाण सोड, बी.एड. कर. काय करू?

उत्तर : बी.एड. चांगलंच आहे, पण या अवस्थेत तो निर्णय नको. गोष्ट अडणं वेगळं आणि लिहिणारी थकणं वेगळं. गोष्ट अडली तर बसून सोडवावी लागते; थकवा असेल तर बसून तो वाढतोच. नुसती मालिका अडली असती तर स्वतःची कथा चालली असती. दोन्ही बंद आहेत, म्हणजे आधी थकवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या थकव्याची तीन लक्षणं नोंदवली : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाचा दुरावा किंवा तिटकारा, आणि आपल्याला जमत नाही ही भावना. स्वतःला ताडून बघ.

ॲपवाल्यांना न सांगता गायब होऊ नकोस. मुदत चुकली तर पैसे कापण्याचं कलम करारात आहे का ते वाच, मग महिनाभर दहाऐवजी पाच भाग लेखी मागून घे. पैसे निम्मे येतील, हे घरी आधीच सांग. स्वतःचं लिखाण दोन आठवडे पूर्ण बंद. रात्री जागून भाग संपवणंही बंद.

त्यानंतर रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं, वही-पेन घेऊन. लॅपटॉपवर पहिलंच वाक्य तीनदा खोडण्यात तास जातो, कारण लिहिणं आणि सुधारणं एकाच वेळी चालू असतं. वहीत खोडायचं नाही. पुढचं वाक्य माहीत असतानाच थांबायचं, म्हणजे उद्या सुरुवात शोधावी लागत नाही.

तेही जमेना तर फोनवर रेकॉर्डिंग लाव आणि प्रसंग मैत्रिणीला सांगतेस तसा सांग, मग उतरवून काढ. आपल्याकडच्या मुलामुलींचं इथे फार अडतं. घरात ‘आई काय करायली?’ म्हणणारी मुलगी कागदावर ‘आई काय करत आहे?’ लिहायला जाते आणि प्रत्येक वाक्य मनात दोनदा घडवते. दमणारच ना! पहिला खर्डा परभणीच्याच बोलीत होऊ दे. प्रमाण भाषा नंतर करता येते.

मालिकेचा प्रसंग अडला तर दोष बहुधा आधीच्या एक-दोन प्रसंगांत असतो. समज, लेक माहेरी येऊन स्वयंपाकघरात उभी आहे आणि पुढे काही घडेना. एका ओळीत लिही : तिला कोणाकडून काय हवंय? ‘भावाकडून सातबाऱ्यावर नाव’ एवढं ठरलं की चहा मागण्यातसुद्धा ताण येतो.

झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर हे उपाय पुरणार नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. किंवा जिल्हा रुग्णालयात दाखव.

बी.एड.च्या सीईटीचा अर्ज मात्र भर, तारीख हुकली की वर्ष जातं. प्रवेश घ्यायचा का, हे निकालानंतर ठरव. तोवर परभणी आकाशवाणीच्या नैमित्तिक कामाच्या जाहिरातींवरही लक्ष ठेव.