सुपरहिरो कॉमिक्स वाचायला सुरुवात करताना

१९३८पासून चालत आलेला सुपरमॅन पहिल्या अंकापासून वाचून काढण्याचा संकल्प तुम्ही केला असेल, तर तो मोठा आहे. परंतु बहुतेक नवे वाचक याच वाटेवर थकतात, म्हणून तो आधी सोडून द्या. व्यक्तिरेखेपेक्षा लेखकाचा माग काढा. एकाच लेखकाने सलग लिहिलेले वीस-तीस अंक निवडले, की कथेला निदान काही शेवट मिळतो.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक मृत्यू कायमचा मानणे. सुपरमॅन १९९२मध्ये मारला गेला आणि १९९३मध्ये परतला. मला त्याहून अधिक लागले ते स्पायडरमॅनचे लग्न. १९८७मध्ये झालेला पीटर (म्हणजेच स्पायडरमॅन) आणि मेरी जेन यांचा विवाह २००७मध्ये सुरू झालेल्या एका कथेत, पीटरच्या मे काकूंचे प्राण वाचवण्यासाठी सैतानी मेफिस्टोशी केलेल्या सौद्यात पुसला गेला, आणि वीस वर्षे त्या संसारात गुंतलेल्या वाचकांना तो विवाह झालाच नव्हता असे सांगण्यात आले. असा राग तुम्हालाही कधीतरी येईल. तेव्हा मालिका खुशाल थांबवा, केवळ सवयीने पुढचे अंक घेऊ नका.

अनेक मालिकांत विखुरलेल्या महाकथा पहिल्या वर्षी टाळा. विश्वांच्या पुनर्रचनांविषयी, म्हणजे जुना कथा-इतिहास पुसून सगळे नव्याने सुरू करण्याविषयी, नंतर सविस्तर बोलू.