हिडकल जलाशयातल्या डिझेल बोटीचे मागचे इंजिन माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी पाय) नवे टाकले, तरी थरथर जात नाही. काय चुकलं?

बहुतेक वेळा माल चांगला असतो, बसवणी चुकते. आधी कपलिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स आणि पाण्यातल्या पंख्याचा दांडा (शाफ्ट) यांच्या जोडाचे, बोल्ट काढा. शाफ्ट जोडलेला ठेवून उंची बदलली तर तो ताणात राहतो आणि थरथर तशीच. मागच्या माउंटवर गिअरबॉक्सचं वजन आणि पंख्याचा रेटा दोन्ही येतात, म्हणून रबराच्या कडकपणाचा आकडा जुन्याशी ताडून बघा. बेळगावात ‘साइझ बसतो’ म्हणून जीपचा माउंट गळ्यात मारतील, घेऊ नका. पंख्याचा रेटा सोसायला तो बनलेलाच नसतो.

तळाचे बोल्ट सैल ठेवून माउंट शाफ्टच्या रेषेत आणा, मगच आवळा. पिळलेलं रबर लवकर फाटतं. उंची माउंटच्या स्टडवरच्या (उभ्या आट्यांच्या दांड्यावरच्या) खालच्या नटाने लावा. नट स्टडवर फार वर चढत असेल तर माउंटखाली पोलादी पट्टी द्या.

बोट पाण्यात सोडून रबर दोन दिवस दबू द्या, मग कपलिंगच्या तोंडांत चारही बाजूंनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फिरवा. 100 मिमी व्यासाला फरक 0.1 मिमीच्या आत हवा. वरचा नट आवळताना खालचा पान्याने धरा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.