मोहरी, साबुदाणा, तीळ: हजारांचा हिशेब

प्रश्न: मुलगी आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिला बरणीत मोहरीचे एक लाख दाणे दाखवायचे आहेत. घरच्या वजनकाट्यावर शंभर दाणे ठेवले की तो शून्यच दाखवतो. काय करावं?
— एक पालक, कळवा

उत्तर: काटा बिघडलेला नाही. शंभर दाण्यांचं वजन बारीक मोहरीत 0.2 ते 0.3 ग्रॅम आणि जाड मोहरीत 0.4 ते 0.5 ग्रॅमच्या आसपास असतं. ग्रॅमाग्रॅमाने चढणाऱ्या काट्याला ते कळणार नाही. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागेल. त्याची एक खोड मात्र लक्षात ठेवा. एकेक दाणा टाकत गेलात तर तेवढी किरकोळ वाढ तो शून्याची हालचाल समजून गिळून टाकतो. म्हणून आधी बाटलीचं झाकण ठेवून काटा शून्यावर आणा, मग शंभर दाणे एकदम ओता. पंखा बंद हवाच.

खरी गोम नमुना घेण्यात आहे. पाकीट हाताळताना बारीक दाणे आणि भुसा खाली सरकतो, टपोरे दाणे वर येतात. चिमटीने उचललं तर बोटंही टपोऱ्यांकडेच जातात. मग दाण्याचं सरासरी वजन जास्त येतं आणि एकूण संख्या कमी भरते. त्यापेक्षा अख्खं पाकीट कागदावर ओता, ढीग चपटा करा, पट्टीने चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे बाजूला सारा. राहिलेले पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग. दोनेक चमचे उरेपर्यंत हेच करायचं.

त्यातून शंभराचे दहा गट मोजा. मोहरी घरंगळते, म्हणून काठ असलेल्या पांढऱ्या ताटलीत जुन्या लग्नपत्रिकेच्या कडेने पाच-पाच दाणे सरकवा. प्रत्येक गट वेगळा तोला. समजा आकडे 0.28 ते 0.32 ग्रॅममध्ये आले आणि दहाही गट मिळून 3.00 ग्रॅम भरले. म्हणजे एक लाख दाण्यांना 300 ग्रॅम. एखादा गट एकटाच फार वेगळा निघाला, तर आधी त्याचे दाणे पुन्हा मोजा. मोजण्यातच घोळ झालेला असतो.

आता चूक काढू. अशा आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप, साधारण 0.013 ग्रॅम येतं. त्याला दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे 3.16 ने भागलं की 0.004 उरतात, 0.30 च्या तुलनेत हे जेमतेम दीड टक्का. सावधगिरीने दुप्पट धरून बरणीवर ‘एक लाख, कमीजास्त तीन हजार’ अशी चिठ्ठी लावा. पाचशे ग्रॅमच्या पाकिटात 1,66,667 दाणे आहेत असं लिहिणारा तक्ता परीक्षकाने खोडावा, असंच आमचं मत आहे. तिथे 1 लाख 67 हजार पुरे. आणि पावसाळ्यात नमुना व पाकीट एकाच दिवशी तोला. उघडे दाणे ओलावा धरतात.

प्रश्न: एक लिटरच्या बरणीत साबुदाणे किती मावतील, हे मी बरणीचं घनफळ भागिले दाण्याचं घनफळ असं काढलं. 70 हजार आले. वजनावरून 42 हजारच येतात. कोणतं बरोबर?
— आठवीतला विद्यार्थी, नेरूळ

उत्तर: वजनाचं. तू दाण्यांमधली हवा विसरलास. गोल दाणे ओतून भरले तर बरणीचा सुमारे 60 टक्के भागच ते व्यापतात, ठोकून बसवले तर 64 टक्क्यांपर्यंत. दाणा 3 मिलिमीटरचा धरला तर 70,700 गुणिले 0.6 म्हणजे 42,400. व्यास काढताना एकेक दाणा मोजू नकोस. पट्टीच्या खाचेत वीस दाणे चिकटून ओळीने लाव आणि एकूण लांबीला विसाने भाग. व्यासात 0.1 मिलिमीटर चुकलं तरी घनफळात दहा टक्के फरक पडतो.

प्रश्न: वजनकाटा न वापरता मोठी संख्या काढायचा प्रयोग वर्गात घेता येईल का?
— विज्ञान शिक्षिका, ऐरोली

उत्तर: येईल, आणि अगदी स्वस्तात. पाव किलो पांढऱ्या तिळात मोजून एक हजार काळे तीळ घाला आणि नीट मिसळा. रंग लावलेले दाणे नकोत. रंगाने वजन बदलतं, दाणे चिकटतात आणि सारखे मिसळत नाहीत. मग चमचाभर तीळ काढून सगळे मोजा. समजा 1,700 निघाले आणि त्यांत 20 काळे. 1,000 गुणिले 1,700 भागिले 20, म्हणजे एकूण 85 हजार. प्राण्यांची गणनाही अशीच करतात, खुणा करून सोडलेले पुन्हा किती सापडतात यावरून. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांना मात्र खूण करायची गरज नसते. थव्याचा एक तुकडा मोजायचा आणि तेवढे तुकडे किती ते पाहायचं.

चमच्यात काळे वीसच असतील तर उत्तर वीस-बावीस टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतं, कारण चूक काळ्यांच्या संख्येच्या वर्गमुळावर ठरते. ती पाच टक्क्यांवर आणायला चारशे काळे हवेत, म्हणजे असे वीस चमचे. चाळीस मुलांच्या वर्गात दोघांमागे एक चमचा वाटून द्या आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करा. प्रत्येक चमचा भांड्याच्या वेगळ्या जागेतून, तळापासून घेतलेला हवा.