शांतता, तह, घडी, सलोखा: बोस्नियाबद्दल लिहिताना कुठला शब्द वापरायचा?

प्रश्न असा आलाय की बोस्नियावरच्या एका लेखाचं भाषांतर चालू आहे, त्यात पीसकीपिंग, पीसमेकिंग आणि पीसबिल्डिंग असे तीन वेगळे शब्द येतात आणि मराठीत तिन्ही ठिकाणी "शांतता प्रस्थापित करणे" असंच लिहिलं जातंय, तर वेगळे शब्द आहेत का, आणि शेवटी शांती लिहायचं की शांतता.

दुसरं आधी संपवतो कारण ते सोपंय. शांती ही मनाची नाहीतर ग्रहांची, लढाई थांबली की येते ती शांतता. (समासात मात्र शांतिसेना, तिथे ति ऱ्हस्व, इतकंच.) अडचण ही की शांतता म्हटलं की आपल्याला आधी "आवाज नाही" एवढंच ऐकू येतं, वर्गात मास्तर ओरडतात तीच ही शांतता. पण गंमत बघा, तिकडे बोस्नियन, सर्बियन, क्रोएशियन तिन्हींत युद्ध नसण्याला 'मीर' म्हणतात आणि निवांतपणालाही मीरच म्हणतात. म्हणजे आपलाच शब्द तोकडा आहे असं काही नाही. फक्त त्यांनी त्याच शब्दातून पुढचे शब्द काढले, 'प्रिमिर्ये' म्हणजे युद्धबंदी आणि 'पोमिरेन्ये' म्हणजे दिलजमाई. आपल्याला दर टप्प्याला नवा शब्द घ्यावा लागतो, आणि मला विचाराल तर तेच बरंय, कारण बोस्नियात हे टप्पे एकातून दुसरा आपोआप निघालेच नाहीत.

पीसकीपिंग म्हणजे शांतता राखणे, राखण करणे या अर्थाने. ती राखायला आधी असावी लागते हे मराठी क्रियापदातच आहे. बोस्नियात १९९२ ते १९९५ बोस्नियाक (म्हणजे तिथला मुस्लिम समाज), सर्ब आणि क्रोएट यांच्यात युद्ध चाललं. त्यात स्रेब्रेनित्सा गाव १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलं, तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची डच तुकडी होती, आणि जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब फौजेने ते घेऊन आठ हजारांवर बोस्नियाक पुरुष आणि मुलं मारली. शांतिसेना होती, शांतता नव्हती. तिथे "शांतता प्रस्थापित करण्यासाठी गेलेली सेना" लिहिलंत तर वाक्य सरळ खोटं होतं.

पीसमेकिंगला तह घडवून आणणे लिहा, मी तरी तेच लिहीन. हे युद्ध संपवणारा डेटन 'करार' आता रुळलाय त्यामुळे नाव तेच ठेवा, पण करार घर भाड्याने देतानाही होतो. तह म्हटलं की कोण वाटाघाटीला बसलं, कोणी काय सोडलं हे आपसूक मनात येतं, आणि डेटनमध्ये तोच मुद्दा आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटनजवळच्या हवाई तळावर तीन अध्यक्ष बसवले, बोस्नियाचे इझेतबेगोविच, क्रोएशियाचे तुजमान आणि सर्बियाचे मिलोशेविच, आणि १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये सह्या झाल्या. बोस्नियन सर्बांचे नेते काराजिच तिथे नव्हते कारण हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाने त्यांच्यावर आरोपपत्र ठेवलं होतं, त्यांच्या बाजूने मिलोशेविचच बोलले. ५१ टक्के भूभाग बोस्नियाक-क्रोएट फेडरेशनला, ४९ टक्के रेपुब्लिका स्र्प्स्काला, म्हणजे सर्बांच्या भागाला, आणि देशाची राज्यघटना म्हणजे या तहाचं चौथं परिशिष्ट! घटना तहाला टाचलेली, असं म्हटलं की निम्मा लेख समजतो.

आता पीसबिल्डिंग. 'शांतिनिर्माण', 'शांतता उभारणी' असे शब्द लोक वापरतात, चूक नाहीत पण त्यातून डोळ्यासमोर काही येत नाही. आपल्याकडे जुना चांगला शब्दप्रयोग पडून आहे, घडी बसवणे. विस्कटलेल्या कारभाराची घडी बसवतात, आणि १९९५ नंतर बाहेरच्यांनी तिथे नेमकं तेच केलं. सुरुवातीला नाटोच्या नेतृत्वाखाली ६० हजारांच्या आसपास सैनिक, आणि मुलकी बाजूला 'उच्च प्रतिनिधी' नावाचा अधिकारी, ज्याला १९९७ च्या बॉन बैठकीनंतर कायदे लादण्याचे आणि निवडून आलेल्यांना बडतर्फ करण्याचे अधिकार मिळाले. (प्रतिनिधी कसला, सुभेदारच तो. २००४ च्या जूनमध्ये तेव्हाचे उच्च प्रतिनिधी पॅडी अ‍ॅशडाउन यांनी एका दिवसात साठेक जणांना घरी पाठवलं.) देशाचा झेंडा १९९८ मध्ये याच कचेरीतून आला कारण तिथल्या लोकांचं एकमत होईना, राष्ट्रगीताला शब्दच नाहीत, आणि गाड्यांच्या नंबरप्लेटवर फक्त तीच अक्षरं घेतली जी रोमन आणि सिरिलिक (सर्ब वापरतात ती, रशियनसारखी) दोन्ही लिप्यांत सारखी दिसतात, म्हणजे गाडी कुठल्या बाजूची हे कळू नये आणि वाटेत कोणी दगड मारू नये. मला हे सगळ्यात हुशारीचं काम वाटतं, अख्ख्या राज्यघटनेपेक्षा. लोक खरोखर पलीकडे गाड्या घेऊन जायला लागले.

पण घडी कुठे घातली तेही सांगायला हवं, ती घातली युद्धाने पाडलेल्या चुणीवरच, दोन भागांमधली हद्द बरीचशी आघाडीच्या रेषेवरूनच जाते. म्हणून पीसबिल्डिंगला सलोखा हा शब्द अजिबात देऊ नका. सलोखा मनातून व्हावा लागतो. काही गावांत अजून "एका छपराखाली दोन शाळा" आहेत, बोस्नियाक मुलं वेगळी, क्रोएट मुलं वेगळी, काही ठिकाणी दारंही वेगळी. सिगारेटच्या पाकिटावर धूम्रपान मारतं हे तीन भाषांत छापलेलं, त्यातल्या दोन ओळी अक्षर न अक्षर सारख्या आणि तिसरीही तीच, फक्त सिरिलिकमध्ये.

तुम्ही विचारलं नाहीत पण 'वांशिक युद्ध' हाही शब्द जरा खटकतो. बोस्नियाक, सर्ब, क्रोएट तिघेही स्लाव, बोली एकच म्हणावी इतकी जवळची, फरक मुख्यतः धर्माचा आणि त्यातून आलेल्या इतिहासाचा. वंश कुठे वेगळाय? जातीय म्हणावं तर आपल्याकडे त्याला तिसराच वास येतो. शब्द रुळलाय म्हणून वांशिक ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य खुलाशाचं टाका. आणि बोस्नियाक म्हणजे तिथला मुस्लिम समाज, बोस्नियन म्हणजे त्या देशाचा कुणीही, हे दोन एकमेकांच्या जागी घालू नका.

तर तुमचं "आंतरराष्ट्रीय समुदायाने बोस्नियात शांतता प्रस्थापित केली" हे वाक्य मी असं लिहीन: "बाहेरच्या देशांनी तह घडवून आणला, सैन्य ठेवून शांतता राखली आणि कारभाराची घडी बसवली." सलोख्याबद्दल मूळ लेखात जे असेल ते वेगळ्या वाक्यात घ्या.