फॉर्म १ वरचं ते ‘नाही’ आधी दुरुस्त करा

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३८, औषध कंपनीत एम.आर., म्हणजे डॉक्टरांना भेटणारे प्रतिनिधी. २०२४ च्या अखेरीस एका पिकअपने मागून धडक दिली आणि डाव्या हाताच्या ब्रेकियल प्लेक्ससला, म्हणजे मानेतून हातात उतरणाऱ्या नसांच्या जाळ्याला, जबर मार बसला. अपघातानंतर पाचव्या महिन्यात नसांचं ऑपरेशन झालं. आज कोपर वाकतं, खांदा निम्म्याच्या आतच उठतो, पंजात पकड जेमतेम. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा वेळेत दाखल झाला आहे. मधल्या काळात २००५ साली काढलेलं लायसन्स २०२५ मध्ये संपलं, ते एजंटाकडून ऑनलाइन रिन्यू करून घेतलं. जुन्या १५० सीसी मोटारसायकलचा क्लच ओळखीच्या मेकॅनिकने उजव्या मुठीवर आणून दिला आहे. आता विचारतात : ‘लायसन्स चालू आहे, इन्शुरन्स चालू आहे, मग बाइक चालवायला हरकत आहे का? आणि चालवली तर भरपाई कमी होईल का?’

हात डावा की उजवा एवढाच फरक, बाकी अशी पत्रं नेहमी येतात. हेल्मेट घाला, सावकाश चालवा हे तुम्हाला माझ्याकडून ऐकायचं नाही. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच कागदावर आहे, आणि तो कागद तुम्ही वाचलेलाच नाही.

तो म्हणजे नूतनीकरणाच्या अर्जासोबतचा फॉर्म १, शारीरिक पात्रतेची स्वतःची घोषणा. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतो. तुम्ही ३८ वर्षांचे, म्हणून फक्त घोषणेवर काम झालं आणि तुमचा हात कोणी पाहिलाच नाही. त्या घोषणेत फिट येतात का, २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, अशा प्रश्नांमध्ये एक प्रश्न हातापायांचा आहे. हात किंवा पाय गमावला आहे का, किंवा कोणत्याही हाताच्या अथवा पायाच्या हालचालीत, ताब्यात किंवा स्नायूंच्या ताकदीत दोष आहे का? एजंटाने बाकीच्या रकान्यांबरोबर तिथेही ‘नाही’ केलं असणार. तुम्ही ओटीपी सांगितला आणि मोकळे झालात. एजंटाला दोष देऊ नका. घोषणा तुमच्या नावाची आहे, ती तुम्हालाच बांधील आहे.

आता परिस्थिती अशी : न्यायाधिकरणापुढे तुम्ही शपथेवर सांगता की डाव्या हातात ताकद नाही. आरटीओच्या दप्तरी तुमचीच घोषणा आहे की ताकदीत काही दोष नाही. पिकअपच्या विमा कंपनीच्या वकिलाने आरटीओचं रेकॉर्ड मागवलं की उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच : या दोनपैकी खरं कोणतं? ‘आरटीओला खोटं सांगितलं’ म्हणालात तर तुमच्या साक्षीवरचा विश्वास डळमळतो. गप्प राहिलात तर हाताचं नुकसान फुगवून सांगितलं असा युक्तिवाद होतो. दुखापत तर खरी आहे, ऑपरेशनचे कागद आहेत, म्हणून दावा या एका कारणाने पडेल असं मी म्हणत नाही. पण अशा केसमध्ये अपंगत्वाच्या टक्क्यांवरच झगडा असतो, आणि एका खुणेपायी रकमेत मोठी काटछाट होऊ शकते.

लायसन्सचंही तेच. खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन्स मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली रद्द होऊ शकतं. नूतनीकरणाची वेळच आली नसती तर मामला सौम्य होता. तेव्हा फक्त कलम १६ लागलं असतं, म्हणजे अधिकाऱ्याला शंका आली तर तो नवं वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो किंवा लायसन्स काढून घेऊ शकतो. अपंगत्व माहीत असून, लोकांना धोका होईल अशा स्थितीत गाडी चालवली तर कलम १८६ आहे, पहिल्या वेळी दंड १,००० रुपयांपर्यंत. हा आकडा ऐकून लोक निर्धास्त होतात. रस्त्यावरच्या दंडाची भीती मी तुम्हाला घालत नाही. तुमचं खरं नुकसान पॉलिसीत आहे.

तुमच्या बाइकच्या पॉलिसीतलं ‘ड्रायव्हर्स क्लॉज’, म्हणजे गाडी कोण चालवू शकतो ते सांगणारं कलम, काढून वाचा. चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी वैध लायसन्स हवं, आणि तो लायसन्स धारण करायला अपात्र ठरलेला नसावा. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्यालाही हीच अट आहे. उद्या तुमच्या हातून कोणी पादचारी गेला, तर विमा कंपनी दोन गोष्टी पुढे करील : लायसन्स खोट्या घोषणेवर घेतलं, आणि गाडीत न सांगता बदल केला. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की लायसन्समधली त्रुटी नुसती दाखवून कंपनी सुटत नाही. त्रुटीचा अपघाताशी संबंध आणि मालकाचा निष्काळजीपणा तिने सिद्ध करायचा असतो. एरवी हा निकाल वाहनमालकाच्या बाजूचा. तुमच्या बाबतीत मात्र चालवणारा तुम्ही, मालक तुम्ही, आणि त्रुटी नेमकी हँडल सांभाळणाऱ्या हातातली. संबंध सिद्ध करायला कंपनीला फार कष्ट पडणार नाहीत. मयताच्या कुटुंबाला ती बहुधा आधी पैसे देईल आणि मग तुमच्याकडून वसूल करील. ती रक्कम पगारातून किंवा घरावर निघते.

म्हणून आज गाडीची किल्ली घरात ठेवा आणि हा क्रम पाळा.

आधी ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे जा. ‘फिट’ असं एका शब्दाचं प्रमाणपत्र मागू नका, त्याचा काही उपयोग नाही. खांदा, कोपर, मनगट आणि बोटं यांची प्रत्येक स्नायूगटाची ताकद ० ते ५ या मोजपट्टीवर लिहून घ्या. दोन्ही हातांची पकड डायनॅमोमीटरने किलोत मोजून घ्या. शेवटच्या ईएमजी-एनसीव्हीचा, म्हणजे नसा आणि स्नायूंच्या विद्युत तपासणीचा, अहवाल जोडा. नसांच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन किंवा गाबापेन्टिन चालू असेल तर तेही त्यात येऊ द्या, कारण या गोळ्यांनी झापड येते आणि ती लपवली तर दुसरी खोटी घोषणा होईल. सुधारणा थांबली आहे की चालू आहे, हे डॉक्टरांनी स्वतःच्या शब्दांत लिहावं. नस साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढते. मानेजवळून पंजापर्यंतचं अंतर पाहता, ऑपरेशननंतर वर्षभरात केलेली मोजणी शेवटची धरता येत नाही.

ही मोजणी हातात आली की परवाना अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. मजकूर साधा ठेवा : ‘माझ्या लायसन्स नूतनीकरणाच्या अर्जासोबतच्या फॉर्म १ मध्ये हातापायांच्या हालचाली व स्नायूंच्या ताकदीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे नोंदले गेले आहे. ते चुकीचे आहे. अपघातामुळे माझ्या डाव्या हाताच्या ताकदीत दोष आहे. डिस्चार्ज कार्ड व वैद्यकीय मोजणी सोबत जोडली आहे. दिव्यांगासाठी बदल केलेल्या वाहनापुरती माझी चाचणी घ्यावी आणि सध्याच्या परवान्याबाबत नियमानुसार आदेश व्हावा.’ एजंटाची कथा त्यात नको. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या, ती आरटीओत आणि न्यायाधिकरणात, दोन्हीकडे लागेल. आपणहून दुरुस्ती केली म्हणून कारवाई होणारच नाही, अशी हमी मी देत नाही. पण आपणहून कळवणारा आणि उलटतपासणीत सापडणारा यांच्याकडे कोणी सारख्या नजरेने पाहत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्सच्या प्रकारांमध्ये ‘अडॅप्टेड व्हेइकल’ हा स्वतंत्र प्रकार आहे. दिव्यांग व्यक्तीसाठी खास बनवलेलं किंवा बदल केलेलं आणि फक्त तिच्यासाठीच वापरलं जाणारं वाहन, अशी त्याची व्याख्या आहे. सामान्य गाडीसाठी अपात्र ठरलेल्यालाही या प्रकारापुरतं लायसन्स मिळू शकतं. शिकाऊ लायसन्स काढल्यावर चाचणीआधी किमान ३० दिवस जावे लागतात. अधिकाऱ्याने नकार दिला तर कारणांसह लेखी आदेश मागा. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांची आहे. तोंडी ‘होणार नाही’ ऐकून परत येणारे पुष्कळ, आणि आदेशच नसेल तर अपील कशाविरुद्ध करणार?

आता तुमच्या त्या मोटारसायकलबद्दल. मेकॅनिकने क्लच आणि पुढचा ब्रेक एकाच उजव्या हाताला दिला आहे. अचानक थांबायची वेळ आली की तोच हात थ्रॉटल सोडणार, क्लच ओढणार आणि पुढचा ब्रेक दाबणार. क्लच राहिला तर गाडी बंद पडून झटका देते. ब्रेक जास्त दाबला गेला तर पुढचं चाक घसरतं. ब्रेक लागला की अंगाचं वजन हँडलवर येतं. डावा हात ते पेलू शकत नाही, म्हणून सगळा जोर उजवीकडून पडतो आणि हँडल वळतं. शिवाय हॉर्न, इंडिकेटर आणि डिपर अजून डाव्या मुठीतच असणार. मोटार वाहन निरीक्षक चाचणीला पहिल्यांदा हेच पाहील. डावा हात मुठीला पट्ट्याने बांधून चालवणारेही आहेत. तसं कधीच करू नका, पडताना तो हात सुटत नाही आणि जोडलेल्या नसा पुन्हा ताणल्या जातात.

‘मग गिअर नसलेली स्कूटर घेतो’ हे उत्तरही अर्धंच आहे. स्कूटरला क्लच नाही, पण मागचा ब्रेक डाव्या लिव्हरला असतो. सीबीएस असलेल्या स्कूटरमध्ये दोन्ही चाकांचा एकत्रित ब्रेकही त्याच डाव्या लिव्हरवर असतो. डावा पंजा कामाचा नसेल तर तुमच्या हाती फक्त पुढचा ब्रेक उरतो. तेव्हा तो एकत्रित ब्रेक उजव्या मुठीवर किंवा पायावर आणावा लागेल, आणि स्विचही उजवीकडे. बाजूला दोन चाकं बसवलेली स्कूटर पायाच्या अपंगत्वात उत्तम. पण ती वळणावर कलत नाही, हँडल ढकलूनच वळवावी लागते. खांदा उठत नसलेल्या माणसाला ती अवघड जाईल. घेण्याआधी मोकळ्या मैदानात चालवून पाहा.

बदल मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने पास केलेल्या किटनेच करा. पुण्यातली एआरएआय ही अशीच एक संस्था. कलम ५२ नुसार दिव्यांगासाठीचा बदल आधी करून नंतर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घेता येते, पण १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंद करून घ्या. नियमबाह्य बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. मेकॅनिकने केलेला तुमचा क्लच आज याच वर्गात मोडतो, तो पूर्ववत करून घ्या. आरसीवर नोंद झाली की विमा कंपनीला पत्र देऊन पॉलिसीवर एंडॉर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद, घ्या. दिव्यांगांसाठी बदललेल्या वाहनाला ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियममध्ये ५० टक्के सवलतीचं एंडॉर्समेंट आयएमटी-१२ या क्रमांकाचं आहे, ते मागून घ्या.

राहिला भरपाईचा प्रश्न. बाइक चालवली म्हणून भरपाई आपोआप कमी होत नाही. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की वैद्यकीय टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतली घट या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची कमाई दिवसभर गाडीवर फिरून डॉक्टरांना भेटण्याची आहे. बदललेल्या गाडीवर घरापासून ऑफिसपर्यंत जाता येणं आणि बॅग घेऊन १५ डॉक्टर गाठणं यातला फरक पुराव्याने दाखवावा लागेल. कंपनीकडून कामाचं स्वरूप, बदललेलं पद आणि पगाराचं पत्रक घ्या. तुमचे वकील वरच्या अर्जाची पोच पुरशीससोबत, म्हणजे न्यायाधिकरणाला द्यायच्या लेखी निवेदनासोबत, आपणहून दाखल करतील, आणि तेही तुमच्या सरतपासणीच्या (तुमच्या मूळ साक्षीच्या) प्रतिज्ञापत्राआधी. उलटतपासणीत दाखवायची वेळ आली तर तिचा अर्थ उलटा लागेल. सर्जनची साक्ष लावायला न्यायाधिकरणात महिनेच्या महिने जातात, हा संताप रास्त आहे. पण त्या तारखांचा उपयोग करून ही कागदपत्रं जमवा.

लोक अदालतीत तडजोडीचा आकडा पुढे आला तर हातातली सुधारणा स्थिर झाल्याचं सर्जनने लिहून देईपर्यंत सही करू नका. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. दुसरं ऑपरेशन, उदाहरणार्थ मांडीचा स्नायू हातात बसवण्याचं, पुढे निघालं तर त्याचा खर्च तुमच्याच खिशातून जाईल.

अजून दावा दाखल न केलेल्या इतरांसाठी : १ एप्रिल २०२२ पासून मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. केवळ मुदतीवरून दावे फेटाळू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२५ चा अंतरिम आदेश आहे. तो अंतरिम आहे, त्याच्या भरवशावर हात बरा व्हायची वाट पाहू नका. टक्केवारीचं प्रमाणपत्र नंतर जोडता येतं.

तुम्ही मात्र या आठवड्यात एकच करा. लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर लॉगिन करून नूतनीकरणाच्या अर्जाची प्रत उतरवा आणि त्या प्रश्नापुढे काय नोंदलं आहे ते स्वतः पाहा. ‘होय’ असेल तर वरचं दुरुस्तीचं पत्र लागणार नाही, थेट चाचणीचा अर्ज करा. ‘नाही’ असेल तर ती प्रत तुमच्या वकिलांना द्या, आणि सर्जनची मोजणी हातात येताच, पुढच्या तारखेआधी, दुरुस्तीचा अर्ज करा.