ओटी सोडून शाळेत नर्स म्हणून गेलं तर करिअर संपतं का?

तुम्ही लिहिलंय की जीएनएमनंतर (नर्सिंगचा डिप्लोमा) काही वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काढली, आता एका निवासी शाळेत नर्सची जागा चालून आली आहे आणि सगळे म्हणतात करिअर संपेल. नाही संपत. मलाही हेच ऐकवलं गेलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओटीत होते, जनरल सर्जरी आणि युरोलॉजीच्या टेबलला. ट्रॉली लावणं, मॉप-सुया मोजणं, रात्रीचे कॉल, हे तुम्हाला सांगायला नको. पाचगणीच्या एका निवासी शाळेत जाते म्हणून राजीनामा दिला, तेव्हा आमच्या इन्चार्ज सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एवढं शिकवलं ते पोरांच्या गुडघ्याला डेटॉल लावायला?" मी काही बोलले नाही. पण ते लागलं.

मग एका पावसाळ्यात रात्री नऊच्या सुमारास हाउसमास्टर आठवीतल्या एका मुलाला घेऊन सिक रूममध्ये आले. पोट दुखतंय, एक उलटी झालीय. मेसमधलं काहीतरी बाधलं असेल, ॲसिडिटीची गोळी द्या, सकाळी डॉक्टर येतीलच, असं त्यांचं म्हणणं. मी पोट दाबून पाहिलं तर मऊ. पण कॉटवर चढताना मुलगा पाय फाकवून, फार जपून चढला होता. हाउसमास्टरांना पडद्यापलीकडे उभं राहायला सांगितलं आणि त्याला सरळ विचारलं, "खाली दुखतंय का रे?" तो रडायलाच लागला. संध्याकाळी खेळून आल्यापासून दुखत होतं, लाजेपोटी पोट म्हणून सांगितलं होतं. डावं वृषण सुजलेलं, वर ओढलेलं, बोटही लावू देईना.

टॉर्शन, म्हणजे वृषणाला पीळ पडणं, मी पुस्तकात वाचलं होतं, पण ओळखलं ते ओटीमुळे. अशाच वयाचा एक मुलगा दोन दिवस पोटदुखीची औषधं खाऊन आमच्या टेबलावर आला होता. त्याचं काळं पडलेलं वृषण सर्जनच्या हातातून घेऊन स्पेसिमेनच्या डब्यात मी ठेवलं होतं. पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो. ६ तासांच्या आत सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं, २४ तासांनंतर आशा जवळजवळ उरत नाही. यातले तीन तास आधीच गेले होते.

हाउसमास्टर म्हणाले, मुख्याध्यापकांना विचारू. मी म्हटलं, विचारा, पण आधी गाडी काढा. मुलाला पाण्याचा घोटही दिला नाही. जेवण किती वाजता झालं ते लिहून घेतलं, कारण भूलतज्ज्ञ पहिल्यांदा तेच विचारणार. वडिलांना फोन लावून ऑपरेशनचं सांगितलं, अल्पवयीन मुलाच्या संमतीवरून दारात अडायला नको होतं. साताऱ्याच्या सर्जनना वेळ, बाजू, सूज सगळं कळवलं आणि ओटी तयार ठेवायला सांगितलं. पसरणीचा घाट धुक्यात उतरलो, वाईत थांबलो नाही. मध्यरात्रीच्या आत मुलगा टेबलावर होता. पीळ सोडवल्यावर रंग परत आला. दुसऱ्या बाजूलाही तोच धोका असतो म्हणून दोन्ही बाजूंना टाके घालून वृषणं जागेवर पक्की केली.

तेव्हा इन्चार्ज सिस्टर, तुमचं शिकवलेलं वाया गेलं नाही. ओटीत पेशंट येतो तेव्हा ऑपरेशनचा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो. शाळेत, डॉक्टर जवळ नसताना, पेशंटला हलवायचं की थांबायचं हे नर्स ठरवते. दमा, फिट्स, टाइप १ मधुमेहाच्या मुलाची साखर, मुळासकट पडलेला दात दुधात घालून तासाभरात डेंटिस्टकडे पोचवणं, घरच्या आठवणीने दुखणारं पोट आणि खरंच दुखणारं पोट यातला फरक ओळखणं, हे सगळं नर्सिंगच आहे. आयसीयू-ओटीवाल्या वरच्या आणि शाळेतल्या खालच्या, ही उतरंड आपणच लावली आहे आणि ती चुकीची आहे. माझं तर मत आहे की सर्जनने सांगितल्याशिवाय जिचा हात हलत नाही तिने शाळेत जाऊच नये.

आता तुमच्या पगाराच्या प्रश्नाबद्दल. शाळाशाळांत फार फरक आहे. राहणं-जेवण धरून हिशेब करा आणि सुट्टीतला पगार मिळतो का ते विचारा. परदेशात जायचा विचार असेल तर आत्ता ओटी सोडू नका, तिकडे हॉस्पिटलमधला अलीकडचा अनुभव मागतात. स्क्रबचा, म्हणजे ऑपरेशनच्या टेबलाशी सर्जनच्या हातात हत्यारं देण्याचा, हातही सवयीचा असतो, तो जातो. ओटीतच पुढे जायचं असेल तर ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करा. मुलांमध्ये काम हवंय पण एकटं नको, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आहेत. २०१३ पासून ती शाळा-अंगणवाड्यांत जाऊन मुलं तपासतात, सोबत डॉक्टर असतात. नेमणूक मात्र कंत्राटी.

शाळेत जायचं ठरवलंत तर मुलाखतीत एक गोष्ट नक्की विचारा: रात्री मुलाला हॉस्पिटलमध्ये हलवायचा निर्णय कुणाचा आणि गाडीची किल्ली कुणाकडे? निर्णय नर्सचा असेल तर तसं नेमणूकपत्रात लिहून घ्या. लिहून द्यायला तयार नसतील तर ओटीतच राहा.